खेड्यातल्या स्वयंपाकघरात डिशवॉशरची नळजोडणी

डिशवॉशर घेताना आपण बहुधा त्याची किंमत आणि त्यात किती भांडी मावतात एवढे पाहतो, आणि जोडणीचे काम प्लंबर येऊन तासाभरात उरकेल असे गृहीत धरतो. नव्या वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये ते बऱ्याचदा तसे उरकतेही. आपल्याकडच्या खेड्यातल्या घरात टाकी जेमतेम स्लॅबवर असते, पाणी विहिरीचे किंवा बोअरचे असते, ओट्याचे सांडपाणी भिंतीतल्या भोकातून मागच्या नालीत जाते आणि अर्थिंग कधी केले होते ते घरातल्या कुणालाच नेमके आठवत नाही. आमचे घर दर्यापूर तालुक्यात आहे. स्वतःच्या घरी आणि नंतर नात्यातल्या तीन घरी ही जोडणी जवळून पाहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की पाण्याचा दाब, पाण्याचा गुण, सांडपाण्याची वाट आणि अर्थिंग या चार गोष्टी यंत्र घरी येण्याआधी पाहून घ्याव्यात. त्या नीट असल्या की प्रत्यक्ष जोडणी अर्ध्या दिवसाची आहे.

सुरुवात जागेच्या मापाने करावी. पूर्ण आकाराचा डिशवॉशर साधारण ६० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल आणि ८५ सेंमी उंच असतो. जुन्या घरांतले कडप्प्याचे ओटे बहुधा याहून बुटके असतात, म्हणून यंत्र ओट्याखाली बसवायचे असल्यास फरशीपासून कडप्प्याच्या खालच्या कडेपर्यंतचे माप घ्यावे, वरच्या कडेपर्यंतचे नव्हे. काही यंत्रांचे वरचे झाकण काढता येते आणि उंची तीन-साडेतीन सेंमीने कमी होते. पण झाकण काढता येते की नाही ते खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. ओट्याखाली बसत नसेल तर ओट्याच्या शेजारी, बेसिनच्या बाजूला मोकळी जागा पाहावी. यंत्राच्या मागे नळ्या दुमडणार नाहीत इतके अंतर राहू द्यावे आणि पुढे दार पूर्ण उघडून माणूस उभा राहील एवढी जागा ठेवावी. बेसिनपासून जितके जवळ तितके चांगले, कारण यंत्रासोबत येणाऱ्या नळ्या बहुधा दीड मीटरच्या आसपास असतात.

आता पाण्याचा दाब. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पाण्याचा किमान दाब दिलेला असतो. काही यंत्रांना ०.३ बार पुरतो, काहींना ०.५ बार लागतो. पुस्तिकेत तो मेगापास्कलमध्ये असेल तर ०.०५ मेगापास्कल म्हणजेच ०.५ बार असे समजावे. हा दाब घरच्या घरी मोजता येतो, कारण दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार भरतो. म्हणजे ०.३ बारसाठी टाकीच्या तळापासून यंत्राच्या कॉकपर्यंत सरळ उभे अंतर ३ मीटर, म्हणजे सुमारे १० फूट हवे, आणि ०.५ बारसाठी ५ मीटर, म्हणजे साडेसोळा फूट. आपल्या एकमजली घरात स्लॅब दहा फुटांवर आणि टाकीचा चौथरा दोन-अडीच फुटांचा धरला, तर यंत्रापाशी कसाबसा ०.३५ बार येतो. यावरून दिसते की एक यंत्र आपल्या घरी चालेल आणि दुसरे, तेवढेच चांगले आणि तेवढ्याच किमतीचे, पाणी न मिळाल्याची चूक दाखवून थांबेल. दुकानदाराला हा आकडा विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे मी आग्रहाने सांगतो.

दाबाइतकेच महत्त्व प्रवाहाला आहे. अर्ध्या इंची पाइप लांबून, पाच-सहा एल्बो (वळणाचे जोड) घेत आला असेल, किंवा जुन्या लोखंडी पाइपात आतून क्षार साचला असेल, तर उंची पुरेशी असूनही पाणी कमी येते. याची परीक्षा सोपी आहे. ज्या नळावरून जोडणी घ्यायची तो पूर्ण उघडून खाली दहा लिटरची बादली लावावी आणि घड्याळ पाहावे. मिनिटाच्या आत-बाहेर बादली भरली तर निश्चिंत राहावे. दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत असेल, तर आधी पाइप बदलावा किंवा टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत पाऊण इंची स्वतंत्र लाइन टाकावी. त्यानेही भागत नसेल तर टाकीच्या बाहेर पडणाऱ्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवावा, जो नळ उघडला की आपोआप सुरू होतो आणि बंद केला की थांबतो. हा पंप टाकीनंतरच्या लाइनवरच असावा. गावच्या नळयोजनेच्या लाइनला टिल्लू पंप लावून पाणी ओढणे हे शेजाऱ्याच्या घागरीतले पाणी काढून घेण्यासारखे आहे, आणि त्या लाइनला डिशवॉशर थेट जोडण्यातही अर्थ नाही, कारण एक वेळचे धुणे दीड-दोन तासांपासून तीन-साडेतीन तासांपर्यंत चालते आणि नळ तेवढा वेळ येत नाही.

पाण्याचा गुण हा विषय आपल्या भागात सर्वांत मोठा आहे, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पाणी जड असणे वेगळे आणि खारे असणे वेगळे. जडपणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येतो; त्याने काचेवर पांढरी झाक येते, हीटरवर पापुद्रा धरतो, डाळ लवकर शिजत नाही. यासाठी बऱ्याच डिशवॉशरमध्ये पाणी मऊ करणारा भाग असतो. त्यातल्या रेझिनच्या बारीक मण्यांवर कॅल्शियम-मॅग्नेशियम अडकते आणि त्याच्या बदल्यात सोडियम पाण्यात येते. मणी भरले की यंत्र मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे करते. म्हणून यंत्रात मीठ घालायचे असते. घेतलेल्या यंत्रात हा भाग आहे याची खात्री करून घ्यावी. पाणी किती जड आहे ते यंत्राला सांगावे लागते, त्यासाठी पाणी तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी होते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. अहवालातला आकडा पुस्तिकेतल्या तक्त्याशी ताडून यंत्रावर तेवढी पातळी लावावी. तक्त्यात जर्मन अंश दिलेले असतील तर मिलिग्रॅमच्या आकड्याला १७.८ ने भागावे. हातातल्या टीडीएस मीटरने जडपणा कळत नाही, त्यात सगळेच विरघळलेले क्षार एकत्र मोजले जातात.

खारेपणाचे तसे नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या या भागात, जमिनीखालचे पाणीच खारट आहे. डिशवॉशरमधले रेझिन कॅल्शियम काढते, पण मीठ काढत नाही. खाऱ्या पाण्याने धुतलेली भांडी वाळली की त्यांवर डाग उरतात, आणि त्यातल्या क्लोराइडमुळे स्टीलवर बारीक टिपके पडून पुढे ते गंजू लागते. यंत्राची आतली टाकीही बहुधा स्टीलचीच असते. म्हणून खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी यंत्राला अजिबात लावू नये. नळयोजनेचे गोडे पाणी ज्या टाकीत साठवले जाते त्या टाकीची लाइन यंत्राला द्यावी. वरच्या टाकीत दोन्ही पाणी एकत्र होत असेल, तर गोड्या पाण्याची दोनशे लिटरची वेगळी टाकी करून तिला प्रेशर पंप लावावा. नव्या पद्धतीच्या यंत्राला एका वेळच्या धुण्याला दहा ते पंधरा लिटर पाणी लागते, तेव्हा दोनशे लिटर बरेच दिवस पुरतात. छपरावरचे पावसाचे पाणी गाळून साठवलेले असेल तर या कामाला त्याहून चांगले पाणी नाही. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र वाया जाऊ नये म्हणून यात वापरण्याचा मोह टाळावा. मूळ पाण्यापेक्षा ते अधिक खारे आणि अधिक जड असते.

विहीर किंवा बोअरचे पाणी गोडे असून त्यात रेती येत असेल तर लाइनवर जाळीचा फिल्टर बसवावा. यंत्राच्या नळीच्या तोंडाशी एक छोटी जाळी असतेच, पण ती रुपयाच्या नाण्याएवढी असते. माझ्या मावसभावाच्या घरी सहा महिन्यांनी यंत्र पाणी घेईनासे झाले. नळी काढली तेव्हा त्या जाळीवर रव्यासारखी पिवळसर रेती घट्ट बसलेली होती आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढे भोक तेवढे मोकळे उरले होते. जुन्या दातघासणीने जाळी साफ केली आणि यंत्र पूर्ववत चालू झाले.

आता प्रत्यक्ष जोडणी. साहित्य आधी आणून ठेवावे: वॉशिंग मशीनला लागतो तसा नळ, ज्याच्या तोंडाला पाऊण इंची आटे असतात, पाइपाच्या जातीचा, एका बाजूला पितळी आटे असलेला अर्ध्या इंची टी (तीन तोंडांचा जोड), त्याच जातीचे सोल्युशन (पाइप चिकटवण्याचा द्रव), टेफ्लॉन टेप, हॅकसॉ ब्लेड, पान्हा, आणि नळीसाठी स्टीलची क्लिप. साधा अँगल कॉक घेतला तर बहुधा फसगत होते, कारण त्याचे तोंड अर्ध्या इंची असते आणि डिशवॉशरच्या नळीची चकती पाऊण इंची असते. बेसिनच्या नळाखाली आधीच अँगल कॉक असेल तर त्याच्या जागी दोन तोंडांचा कॉक बसवून पाइप न कापता काम होते. जुन्या घरांत बहुधा भिंतीतून थेट नळ निघालेला असतो, तेथे टी घालावा लागतो.

टाकीचा वॉल्व्ह बंद करून खालचा नळ उघडावा आणि पाइप पूर्ण रिकामा होऊ द्यावा. पाइप सरळ कापावा, कडेचा भुगा चाकूने काढावा, कापलेले टोक आणि टीची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुसावी. सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावून टी किंचित फिरवत आत बसवावा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवावा. ओल्या पाइपावर सोल्युशन धरत नाही, आणि गळतीच्या तक्रारींतले पुष्कळसे मूळ येथेच असते. सांधा रात्रभर वाळू द्यावा. घाईने पाणी सोडण्यापेक्षा एक दिवस बाहेरच्या नळावर भांडी घासलेली बरी.

दुसऱ्या दिवशी नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळावी. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आठ-दहा वेढे ताणून लावावी, म्हणजे नळ फिरवताना ती सुटत नाही. नळ बसला की यंत्राची नळी लगेच जोडू नये. खाली बादली धरून नळ पूर्ण उघडावा आणि पाइपातला भुगा, रेती, सोल्युशनचे तुकडे वाहून जाऊ द्यावेत. मग यंत्रासोबत आलेली नवी नळी, तिच्यातला रबरी वॉशर आणि जाळी जागेवर आहेत हे पाहून, हाताने घट्ट बसवावी आणि पान्ह्याने पाव फेरा द्यावा. या सांध्यावर टेप लावायची नसते. येथे पाणी वॉशर अडवतो, आणि जास्त आवळले तर तोच चिरतो. काही यंत्रांच्या नळीच्या टोकाशी प्लास्टिकचा जाडसर डबा असतो. त्यात विजेवर चालणारा सुरक्षा वॉल्व्ह असतो, म्हणून ती नळी कापू नये आणि तो डबा पाण्यात बुडवू नये.

सांडपाण्याच्या नळीकडे सगळ्यांत कमी लक्ष दिले जाते. माझ्या घरी जोडणी करणाऱ्या कारागिराने ती नळी जमिनीवरून नेऊन सरळ न्हाणीच्या जाळीत सोडली होती. यंत्र सुरू झाले, पाणी भरण्याचा आवाज येत राहिला, आणि वीस मिनिटांनी पडद्यावर चूक दिसून ते थांबले. दुसऱ्यांदा सुरू केले तेव्हा आई न्हाणीत गेली आणि तिने हाक मारली. यंत्र पाणी घेत होते त्याच वेळी करंगळीएवढी धार न्हाणीत बिनआवाज पडत होती. टिनाच्या डब्यातून तेल काढताना नळीचे एक टोक खाली सोडले की तेल आपोआप उतरत राहते, तसेच ते पाणी उतरत होते. यावर उपाय उंचीचा आहे. नळी यंत्राच्या मागून आधी वर न्यावी, ओट्याच्या खालच्या कडेला क्लिपने बांधावी आणि तेथून निचऱ्याकडे उतरवावी. तिचे तोंड जमिनीपासून निदान ४० सेंमी आणि जास्तीत जास्त सुमारे १०० सेंमी उंचीवर असावे. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा.

बेसिनखाली बॉटल ट्रॅप (थोडे पाणी अडवून नालीचा वास रोखणारा बाटलीसारखा भाग) असेल तर बाजूला नळी जोडण्याचे तोंड असलेला ट्रॅप बसवणे सर्वांत नीट. त्या तोंडात बहुधा प्लास्टिकचा पडदा असतो, तो कापून काढल्याशिवाय नळी जोडू नये. ट्रॅप नसेल तर दीड इंची जाड पीव्हीसी पाइपाचा साठ सेंमीचा उभा तुकडा भिंतीला बांधून त्याच्या तळाशी ट्रॅप घालावा आणि वरून नळी सैल सोडावी. तोंड पाइपात घट्ट कोंबू नये आणि खालच्या पाण्यात बुडू देऊ नये, नाहीतर घाण पाणी उलटे ओढले जाण्याची भीती असते. पातळ सुरळीच्या नळ्या गरम पाण्याने लवकर वाकतात, त्या वापरू नयेत. पाइप जेथून भिंतीबाहेर पडतो तेथे जाळी बसवावी आणि भोकाभोवती सिमेंट भरून घ्यावे. धान्याच्या घरात उंदीर असतातच, आणि रबरी नळी कुरतडायला त्यांना एक रात्र पुरते.

हे सांडपाणी परसातल्या वांग्या-मिरच्यांना देऊ नये. डिशवॉशरची पावडर तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यात मिठाच्या पाण्याचीही भर पडते. सोडियमने काळी माती कशी चिवट आणि कडक होते, हे खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पाणी शोषखड्ड्यात सोडावे, आणि खड्डा काळी माती ओलांडून मुरूम लागेपर्यंत खोल घ्यावा, कारण काळ्या मातीत पाणी मुरत नाही. हीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे तिच्यात पुरलेले पाइप ओढले जाऊन सांधे निखळतात; खंदकात पाइपाखाली आणि वर चार बोटे रेती घातली तर हा त्रास बराच कमी होतो. स्लॅबवरून उघड्या उन्हात येणाऱ्या पाइपाला पांढरा रंग द्यावा किंवा कापड गुंडाळावे. मे महिन्यात टाकीतले पाणी चांगलेच तापते, पण बहुतेक यंत्रांना ६० अंशांपर्यंतचे पाणी चालते, त्यामुळे त्याची काळजी नको.

विजेचे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. यंत्र सुमारे दोन किलोवॅट भार घेते, म्हणून १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट, मीटरच्या पेटीपासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, वेगळी एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच) हवी. सॉकेट यंत्राच्या बरोबर मागे किंवा नळाखाली घेऊ नये. अर्थिंग मोजून घ्यावे. काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडली की खड्ड्यातले अर्थिंग कमकुवत होते, तेव्हा फेब्रुवारीपासून त्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालावे. पाणी, स्टील आणि वीज एकाच ठिकाणी आहेत, आणि घरातली लहान मुले त्या दाराला हात लावणार आहेत. गावात रात्री व्होल्टेज फार वर-खाली होत असेल तर यंत्राचा भार पेलणारा स्टॅबिलायझर लावावा. घरगुती इन्व्हर्टरवर यंत्र चालवू नये. वीज गेली तर दार न उघडता थांबावे. बहुतेक यंत्रे वीज आल्यावर राहिलेले काम पुढे सुरू करतात.

यंत्र जागेवर सरकवताना मागे एकाने उभे राहून नळ्या दुमडत नाहीत हे पाहावे. शहाबादी फरशीला उतार असतो, म्हणून लेव्हल लावून पाय फिरवून यंत्र सपाट करावे. दार अर्धे उघडून सोडले असता ते एका बाजूला घासत असेल तर सपाटी साधलेली नाही असे समजावे.

मग मीठ. मिठाच्या खणात पहिल्या वेळेस आधी काठोकाठ पाणी भरावे आणि त्यानंतर डिशवॉशरचे मीठ घालावे, साधारण एक ते दीड किलो बसते. घरातले बारीक आयोडीनयुक्त मीठ किंवा किराण्यातले जाडे मीठ घालू नये. पहिल्यात गुठळ्या न होण्यासाठी मिसळलेली द्रव्ये असतात आणि दुसऱ्यात माती व इतर क्षार असतात, आणि दोन्हींनी रेझिन खराब होते. सांडलेले मीठ पुसून झाकण घट्ट लावावे आणि लगेच, भांडी न ठेवता, यंत्र एकदा चालवावे, कारण सांडलेले मीठपाणी आत तसेच राहिले तर स्टीलला डाग पडतात.

हे पहिले रिकामे धुणे चालू असताना तेथून हलू नये. प्रत्येक सांध्याखाली कोरड्या वर्तमानपत्राचा एकेक तुकडा ठेवावा. ओल्या फरशीवर थेंब दिसत नाही, पण कागदावर तो लगेच काळपट गोल डाग होऊन उमटतो आणि नेमका कोणता सांधा गळतो ते कळते. पाणी भरताना, फिरताना आणि बाहेर पडताना असे तीन वेळा कागद पाहावेत. धुणे संपल्यावर नळ बंद करून कागद रात्रभर तसेच ठेवावेत, सकाळी ते कोरडे असतील तरच भांडी लावावीत. पहिला आठवडा रोज एकदा टॉर्च घेऊन यंत्राखाली पाहावे; नवे सांधे गरम-गार होताना किंचित सैल पडतात आणि पाव फेरा पुन्हा द्यावा लागतो. नळीची जाळी दर दोन महिन्यांनी काढून धुवावी, आणि पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ झाले की दर पंधरा दिवसांनी. बाहेरगावी जाताना भिंतीतला नळ बंद करावा. आमच्या घरी त्या नळाला लाल सुतळी बांधून ठेवली आहे, म्हणजे अंधारातही तो चटकन हाताला लागतो.